किल्लारीच्या भिंती, खडवलीचा फ्लॅट

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात एक भेग दिसली. दुसऱ्या मजल्याच्या बीमपासून निघून खाली तिरकी उतरलेली. शेजारचे चाचा म्हणाले, "प्लास्टर आहे, पावसात फुगतं." तळमजल्यावरच्या दुकानदारानं सांगितलं, "बिल्डरला फोन करा, पुट्टी मारून देईल." मी ती भेग बोटानं चाचपली. बोटाचं नख आत गेलं. आणि मला एकदम फुफी आठवली.

फुफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात राहायची, किल्लारीपासून जवळच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारला चारेक मिनिटं कमी असताना जमीन हलली, तेव्हा ती परसातल्या पत्र्याच्या छपराखाली झोपली होती. शेळी व्यायला आली होती, म्हणून. घरात झोपलेली तिची सासू आणि दोन मुलं गेली. ती वाचली. त्यानंतर वीसएक वर्षं जगली, पण पक्क्या छताखाली तिला झोप लागली असं मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडं कल्याणला यायची तेव्हाही बाज ओढून गॅलरीत टाकायची. विचारलं की एवढंच म्हणायची, "मिट्टीच मिट्टी थी, बेटा."

किल्लारीच्या भूकंपावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. दरवर्षी ३० सप्टेंबर आला की आठवणी छापून येतात. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, हे वाक्य प्रत्येक लेखात असतंच. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, लोक दहा हजार म्हणतात. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मला सांगायचंय ते भिंतींबद्दल आणि शेजाराबद्दल. कारण खडवलीच्या या जिन्यात उभं राहून मला जी भीती वाटली, तिचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

भूकंप रिश्टरवर सव्वासहाच्या आसपासचा होता. जपानात एवढ्या धक्क्यानं दहा हजार माणसं मरत नाहीत. आमच्याकडं मेली ती घरांमुळं. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये चुना-सिमेंट नाही, नुसती चिखलमाती. वर लाकडी तुळया आणि त्यावर हात-दीड हात जाडीचं मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार. दरवर्षी पावसाच्या आधी वर नवी माती टाकायची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचं ओझं वाढतच जायचं. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवणारा आडवा दगड नसायचा. जमीन हलली, भिंती फुगून फुटल्या आणि माळवद खाली आलं. ज्याचं घर मोठं त्याच्यावर जास्त माती. गावकुसाबाहेर कुडाच्या, पत्र्याच्या हलक्या छपराखाली झोपलेले पुष्कळ जण खरचटून बाहेर आले. गरिबीनं जीव वाचवला असं आयुष्यात फार कमी वेळा घडतं, तेव्हा घडलं.

आणखी एक गोष्ट. त्या वेळच्या सरकारी नकाशावर किल्लारीचा पट्टा भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. म्हणजे कागदावर तिथं काही व्हायचंच नव्हतं. पुढं २००२ साली नकाशा बदलला, पहिला झोनच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात आला. ठाणे जिल्हाही तिसऱ्यातच आहे. हे लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

आमचं घराणं गावचं मुलाणी. मशिदीची दिवाबत्ती, जत्रेत बकरं हलाल करणं, लग्नाकार्यात मान, आणि सुगीला खळ्यावरून बलुतं. घर गावाच्या मधोमध नाही आणि वेशीबाहेरही नाही. एका बाजूला जंगमांचं घर, दुसऱ्या बाजूला न्हाव्याचं, मागच्या बोळात तांबोळी. गल्लीच्या तोंडाशी पाटलांचा वाडा. मोहरमला पंजे निघायचे तेव्हा पहिलं पाणी पाटलीणबाई घालायच्या. यात फार हळवं होण्यासारखं काही नाही. पाटलांच्या ओट्यावर आमचे दादा चपला काढूनच चढायचे. मराठवाड्यातल्या गावातला एकोपा हा उतरंडीतला एकोपा होता, हे आपण आपल्याशी तरी कबूल करावं. गंगा-जमनी म्हटलं की डोळे पाणावणारे लेख मलाही आवडत नाहीत.

पण त्या उतरंडीत ओळख होती. आणि ओळखीची किंमत किती असते ते आमच्या घरानं १९४८ साली पाहिलं.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कासीम रझवी लातूरचाच वकील. रझाकारांनी गावागावांत जे केलं ते खरं होतं. बिदरकडच्या गोरट्याचं नाव आजही लोक घेतात, आणि त्यांनी का घेऊ नये? सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं, आणि मग उलटा सूड सुरू झाला. नेहरू सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. त्यांनी सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावं दिली आणि सगळ्या संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज मांडला. लातूर शहराबद्दल त्यांनी लिहिलं की तिथं कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ होती, कत्तल वीसहून जास्त दिवस चालली, सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरलेले दिसले, हजाराहून जास्त मारले गेले आणि बाकीचे पळाले. हा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला.

आमचे दादा त्या दिवसांत पाटलांच्या वाड्यात होते. बळदात, म्हणजे धान्य ठेवायच्या जागेत, सतरा दिवस. दारात जमाव आला तेव्हा थोरले पाटील कुऱ्हाड घेऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, आत माझं धान्य आहे. ही गोष्ट दादांनी कधी सांगितली नाही. फुफीनं सांगितली, तीही भूकंपानंतर. कारण १९९३च्या त्या पहाटे तोच वाडा कोसळला. गावातल्या सगळ्यात रुंद भिंती होत्या त्या. पाटलांच्या घरातली अकरा माणसं त्याखाली गेली. ज्यांनी दादांना लपवलं त्या थोरल्या पाटलांचा मुलगा, सून, नातवंडं.

अब्बा तेव्हा कल्याणला होते. सत्तरच्या दशकात भिवंडीला लूमवर आले, १९८४च्या दंगलीत खोली जळाली आणि कल्याणला एका चाळीत सरकले. १९९३च्या सप्टेंबरात मी बारा वर्षांचा. आदल्या डिसेंबर-जानेवारीत मुंबई पेटली होती, मार्चमध्ये स्फोट झाले होते, आणि आमच्या घरात अंधार पडला की दिवा लावायचा की नाही याची चर्चा अजून संपली नव्हती. ३० सप्टेंबर गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी जुम्मा. नमाजनंतर मशिदीच्या दारात एका बुजुर्गांनी खांद्यावरचा रुमाल अंथरला आणि म्हणाले, लातूरसाठी. त्या रुमालात नोटा पडताना मी पाहिल्या. देणाऱ्यांत मुंबईहून सगळं जळून आलेली, नातेवाइकांच्या खोलीत सात-सात माणसांत झोपणारी घरं होती. मेलेले कोण, कुठल्या धर्माचे, हे कुणी विचारलं नाही. मला वाटतं, ज्याचं घर नुकतंच गेलंय त्याला दुसऱ्याचं घर गेल्याचं फार समजावून सांगावं लागत नाही.

अब्बा सोलापूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढं मिळेल त्या ट्रकनं गेले. पाऊस लागला होता. ओल्या लाकडांवर सामुदायिक चिता पेटत नव्हत्या. जंगमकाका आणि अब्बा दोघंच एका तुरीच्या शेतात खड्डे खणत होते, कारण लिंगायतही मयत पुरतात आणि आपणही. त्यांच्यात बसवून पुरायची रीत, आपल्यात किब्ल्याकडं तोंड करून. त्या दिवशी काही रीत उरली नाही. अब्बा म्हणायचे, शेवटी कुणी कुणाचा खड्डा खणला ते आम्हालाच कळेना.

मग पुनर्वसन आलं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण आधी जे झालं ते मान्य करू. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन राज्य सरकारनं मोठा कार्यक्रम हाती घेतला. सेवाभावी संस्थांनी गावं दत्तक घेतली. भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. पुढच्या टप्प्यात घरं दुरुस्त करताना खेड्यातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं, त्यांनी सिमेंट-लोखंडाचे हिशेब सांभाळले. देशात आपत्तीनंतर असं काम याआधी झालं नव्हतं.

पण घर किती मोठं मिळणार हे ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. कागदावर हे न्याय्य वाटतं, ज्याचं जेवढं गेलं त्याला तेवढं. पण नवं गावठाण आखताना एकाच मापाची घरं एका ओळीत बांधणं कंत्राटदाराला सोयीचं. म्हणून पुष्कळ गावांत अडीचशेवाले एकीकडं, साडेसातशेवाले दुसरीकडं असं झालं. आमच्या गावात तसंच झालं. गल्ली गेली, बोळ गेला, त्यांच्या जागी शहरातल्या कॉलनीसारखे रुंद, सरळ रस्ते आले, ज्यांवर दुपारी चिटपाखरू नसायचं. पाटलांच्या उरलेल्या माणसांची घरं रस्त्यालगतच्या ओळीत. फुफीचं घर पार टोकाला, ओढ्याच्या बाजूला. बलुतेदार म्हणजे बहुतेक भूमिहीन, आणि गावातले मुसलमान म्हणजे बहुतेक बलुतेदार नाहीतर फिरते व्यापारी. तांबोळी, मणियार, पिंजारी, आतार सगळे अडीचशेच्या ओळीत. कुणी ठरवून मोहल्ला केला नाही. सातबारानं केला.

आराखड्यात शाळा होती, ग्रामपंचायत होती, समाजमंदिर होतं. जुनी पडकी मशीद जुन्या गावातच राहिली. नवी लोकांनी वर्गणीतून बांधली, अर्थात टोकाच्या ओळीत. मग मोहरमचे पंजे तिथूनच निघून तिथंच फिरू लागले. मधल्या माळावरून चालत पाटलांच्या दारापर्यंत जायला पहिली दोन-तीन वर्षं कुणाला हौस वाटली, नंतर नाही. फुफी म्हणायची, पूर्वी भांडण झालं तरी भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. आता कुणी मेलं तर भोंग्यावरून कळतं.

१९४८मध्ये दादांना वाचवलं ते शेजारानं. १९९३नंतर तोच शेजार एक किलोमीटर लांब गेला. उद्या पुन्हा जमाव आला तर टोकाच्या ओळीत तो सरळ येईल, वाटेत कुणाचा ओटा लागणार नाही. मी वाईट बोलतोय असं वाटेल. पण घरबांधणीचे आराखडे करणाऱ्यांनी भूकंपाचा जोर मोजला, सळ्यांची जाडी मोजली. शेजार मोजायचं माप त्यांच्याकडं नव्हतं.

आता तुलना करायची की नाही यावर मी बराच विचार केला, आणि करायची ठरवली. एकाच वर्षात महाराष्ट्रात दोनदा घरं पडली. जानेवारीत मुंबईत, सप्टेंबरात लातूर-उस्मानाबादेत. पहिल्यासाठी श्रीकृष्ण आयोग बसला. त्याच्या अहवालात मृत ९००, त्यांत मुसलमान ५७५, हिंदू २७५. अहवाल १९९८ साली विधानसभेत आला आणि तिथंच राहिला. दुसऱ्यासाठी ५२ गावं उभी राहिली. दंगलीतून उठलेल्यांसाठी एकही गाव वसवलं गेलं नाही. त्यांनी आपलं आपण वसवलं. मुंब्रा हे खाडीकाठचं लहानसं ठिकाण होतं, ते काही वर्षांत काही लाखांवर गेलं. भूकंपग्रस्तांना जे मिळालं ते त्यांच्या हक्काचंच होतं. माझा मुद्दा एवढाच की निसर्गानं पाडलेल्या घराला सरकार बाप होतं आणि माणसांनी पाडलेल्या घराला कुणीच नव्हतं.

आणि जे आपलं आपण वसवलं ते कसं वसवलं, इथं मी परत माझ्या जिन्यात येतो.

मुंब्र्याला शीळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी एक इमारत पडली. बांधकाम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहतही होती. ७४ मेले. भिवंडीत २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे जिलानी बिल्डिंग पडली, ३८ मेले. दोन्ही वेळा भूकंप नव्हता. जमीन शांत होती, इमारती नुसत्या उभं राहून दमल्या. आता कल्पना करा की जमीन खरंच हलली. आमचा हा तिसरा झोन आहे. खडवलीच्या कडेनं जी भातसा वाहते तिच्यावर वर शहापुरात धरण आहे. ते भरायला लागल्यावर १९८३ साली त्या भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. सप्टेंबरातला मोठा धक्का पाचच्या जवळ जाणारा होता. कोयनेचा १९६७चा अनुभव ताजा होता म्हणून तेव्हा घबराट मोठी होती. इकडं पालघरमध्ये नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीला हादरे बसले, धुंदलवाडीच्या आदिवासींना थंडीत तंबूत झोपावं लागलं. पालघर २०१४पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे हे दूरचं प्रकरण नाही.

मग आपण अशा बिल्डिंगमध्ये का राहतो? स्वस्त म्हणून, हे अर्धं उत्तर. मी २०१६ साली कल्याणमध्ये फ्लॅट शोधत होतो. नोकरी पक्की, बँकेचं कर्ज मंजूर. चार ठिकाणी फोनवर सगळं ठरलं आणि नाव सांगितल्यावर "मालकाचा विचार बदलला". पाचव्या ठिकाणी एजंट माणूस चांगला होता, त्यानं सरळ सांगितलं, "भाई, वेळ घालवू नका, सोसायटीत चालत नाही." ज्या इमारतींना भोगवटा दाखला, मंजूर नकाशा, लिफ्टचं लायसन्स आहे, तिथं आपलं नाव चालत नाही. जिथं आपलं नाव चालतं तिथं या तिन्ही गोष्टी नसतात. मग कसाऱ्याच्या लोकलनं एकेक स्टेशन पुढं सरकत आपण टिटवाळा, खडवलीपर्यंत येतो. ग्रामपंचायतीची परवानगी आहे, पुढं सगळं रेग्युलर होईल, असं बिल्डर सांगतो आणि तो बिल्डरही बहुतेक वेळा आपलाच असतो. हे आपण बोलत नाही. सोसायट्यांनी दार लावलं हे खरं, पण त्या बंद दाराचा धंदा करणारे आपल्यातच निघाले. नमाजला पहिल्या सफेत उभं राहून खांबात आठऐवजी सहा सळ्या टाकणारे.

हा केवळ मुसलमानांचा प्रश्न नाही, हेही सांगायला हवं. कल्याण-डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी घेतली, आणि २०२४ साली उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. त्यांत राहणारी कुटुंबं बहुतांश मराठी, नोकरदार, आयुष्याची पुंजी घातलेली. त्यांची आणि माझी भेग एकच आहे. फरक इतकाच की फसवले जाण्याआधी त्यांना निवड करता आली होती.

फुफी आज असती तर ती या जिन्यातून वर चढली नसती. किल्लारीच्या माणसांना भिंत कशी मारते ते शिकायला एक पहाट पुरली. आपल्याला मुंब्रा झालं, भिवंडी झालं, तरी आपण पुट्टी मारतो. मागच्या जुम्म्याला मी मशीद कमिटीसमोर विषय काढला. म्हटलं, रमजानमध्ये रंगकामासाठी वर्गणी काढतो, यंदा ती मशिदीच्या आणि आजूबाजूच्या तीन बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल ऑडिटसाठी काढू. आणि शेजारच्या गल्लीतल्या दोन इमारतींनाही विचारू, तिथं आपले लोक राहत नाहीत, पण बिल्डर तोच आहे. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक बुजुर्ग म्हणाले, "ज़लज़ला अल्लाच्या हातात आहे, बेटा." मी म्हटलं, "हो, पण सळ्या बिल्डरच्या हातात होत्या." काही जण हसले. एकानं आधी उंट बांध मग तवक्कुल कर, ही आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट काढली, आणि बुजुर्गांनी मान हलवली. पटली की नाही ते कळलं नाही, पण वर्गणीच्या वहीत पहिली पाचशेची नोट त्यांची आहे.

शेजारच्या गल्लीत मी आणि चाचा रविवारी सकाळी गेलो. तिथल्या एका काकूंनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला त्यांच्या किचनमध्ये नेऊन ओट्यावरची भेग दाखवली. आमच्यापेक्षा मोठी होती. त्यांनी त्यावर कालनिर्णय लावलं होतं.

इंजिनिअर पुढच्या रविवारी येणार आहे. नकाशे मागण्यासाठी बिल्डरला सहा वेळा फोन केला. फोन बंद आहे.